क्ल्युनीभोवती पाच दिवस: बर्गंडीच्या चढउतारांत सायकल आणि चर्च

पहिली सूचना सगळ्यात महत्त्वाची: मनात योजलेले रोजचे किलोमीटर निम्मे करा.

बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याच्या, वेळेची मर्यादा असलेल्या सायकलफेऱ्या करणाऱ्या, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत संपवणाऱ्या माणसाला फ्रान्समधल्या दक्षिण बर्गंडीचा नकाशा दाखवला, तर तो पाच दिवसांत पाचशे किलोमीटर सहज आखेल. मी आणि ताईने तसंच केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुर्न्यूच्या चर्चमधून वीस मिनिटांत बाहेर पडावं लागलं, तेव्हा चूक लक्षात आली. संध्याकाळी बसून सगळा बेत मोडला आणि नवा केला. हा लेख त्या नव्या बेतावर उभा आहे. या मुलखात दिवस किलोमीटरवरून आखायचा नाही. आधी दोन किंवा तीन चर्च ठरवायची आणि मग त्यांना जोडणारे छोटे रस्ते शोधायचे. अंतर आपोआप 50 ते 75 किलोमीटर होतं आणि तेवढं पुरेसं असतं.

मी म्हणते तो प्रदेश सोन नदीच्या पश्चिमेचा. उत्तरेला शालों, दक्षिणेला माकाँ, पश्चिमेला पारे-ल-मोनियाल आणि मध्यभागी क्ल्युनी. 910 साली अक्वितेनच्या विल्यम ड्यूकने क्ल्युनीला मठ स्थापन केला आणि पुढच्या दोनशे वर्षांत त्याचा दबदबा युरोपभर पसरला. त्याच काळात आसपासच्या गावागावांत दगडी चर्च उठली. गावं लहान आणि शतकानुशतकं लहानच राहिली, म्हणून ती चर्च पाडून मोठी बांधावीत असं कुणाला वाटलं नाही. आज दर चार-पाच किलोमीटरवर 11व्या-12व्या शतकातला एखादा घंटामनोरा दिसतो, त्याचं कारण हे.

कधी जावं

मे अखेर ते जून, नाहीतर सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करावी लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35च्या वर जाऊ शकतो आणि द्राक्षमळ्यांतल्या रस्त्यांवर सावलीचं नाव नसतं. सप्टेंबरात द्राक्षतोडणी चालू असते. तेव्हा दृश्य देखणं, पण मळ्यांतल्या अरुंद वाटांवर ट्रॅक्टर फार आणि राहायला जागा कमी.

शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. विमा घेताना सायकलिंग त्यात धरलं आहे का, हे कागदावर वाचून घ्या.

सायकल न्यायची की तिथे घ्यायची

शालों, क्ल्युनी, माकाँ या भागात भाड्याने मिळणाऱ्या सायकली बहुतेक सरळ हँडलच्या, नाहीतर बॅटरीच्या. चांगली रोड बाइक हवी असेल तर ल्योंसारख्या मोठ्या शहरातून आधी ठरवून घ्यावी लागते. एक गोष्ट मात्र दुकानातच तपासा. तिथल्या सायकलींना बहुधा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आपल्या हाताला उलट सवय असेल तर उतारावर दचकून दाबलेला ब्रेक थेट पुढच्या चाकाला लागतो. पहिली दहा मिनिटं रिकाम्या मैदानात दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा.

स्वतःची नेत असाल तर पेडल काढताना लक्षात ठेवा की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. टायरमधली हवा थोडी कमी करा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, फ्रेमपासून सोडवून, फडक्यात गुंडाळून आतल्या बाजूला बांधा आणि एक जास्तीचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, पिशवीत टाका. आम्ही हा शेवटचा सल्ला ऐकला नव्हता. विमानातून खोकं उतरलं तेव्हा बाहेरून ओरखडाही नव्हता, पण आत हँगर वाकलेला. मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन टाकली की डिरेलर थेट चाकाच्या तारांना घासायचा. शालोंच्या एका मेकॅनिकने ऑइल लागलेल्या बोटांनी तो हलके हलके सरळ केला, पाच वेळा चाक फिरवून पाहिलं आणि मग सांगितलं की पुन्हा वाकला तर तुटेल. पाच दिवस प्रत्येक चढावर माझं अर्धं लक्ष त्या आवाजाकडे होतं. अंगठ्याएवढा तो तुकडा आपल्या सायकलच्या नेमक्या मॉडेलचाच लागतो. तिथल्या गावात तो मिळेलच असं नाही.

टायर 28 मिलीमीटरचे ठेवा, 32चे बसत असतील तर आणखी चांगलं. गिअर हलके असू द्या: पुढे 50/34 आणि मागे 32 किंवा 34 दातांपर्यंत. इथले चढ सिंहगडासारखे सलग नाहीत. बहुतेक एक ते चार किलोमीटरचे, चार ते आठ टक्क्यांचे. पण एक उतरला की दुसरा समोर उभा. सत्तर किलोमीटरमध्ये आठशे ते हजार मीटर चढ सहज जमा होतो. तयारीसाठी एक मोठा घाट एकदा चढण्यापेक्षा बोपदेव घाट एका सकाळी तीनदा चढा-उतरा. गुडघ्यांना इथल्या रस्त्याची ओळख त्यातूनच होते.

पॅरिसहून वेगवान टीजीव्ही गाडीत सायकल सुटी करून पिशवीत घालायची असेल तर पिशवी साधारण 130 बाय 90 सेंटिमीटरच्या आत हवी. अख्खी सायकल चढवायची तर त्या गाडीत सायकलची जागा आहे का ते पाहून आधी आरक्षण करावं लागतं. दिजाँ ते ल्यों मार्गावरच्या टीईआर म्हणजे प्रादेशिक गाड्या शालों, तुर्न्यू आणि माकाँ या तिन्ही ठिकाणी थांबतात आणि त्यांत सायकल उभी नेता येते, जागा मात्र मोजक्याच. ऑफिसची वेळ टाळा.

नकाशा आणि पाट्या

मोबाइलवर मार्ग घातलेला असला तरी एक कागदी नकाशा घ्या. फ्रान्सच्या आयजीएन संस्थेचा 1 सेंटिमीटरला 1 किलोमीटर दाखवणारा नकाशा उत्तम. मिशलँच्या नकाशावर एक सोय आहे: चढावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात. एक खूण म्हणजे मध्यम चढ, दोन म्हणजे तीव्र, तीन म्हणजे उतरून ढकलायची तयारी. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य. पांढरे आणि पिवळे रस्ते तुमचे, लाल नाहीत.

रस्त्यांच्या क्रमांकाआधी डी असेल तर तो जिल्ह्याचा रस्ता. त्याच्या मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असतो. राष्ट्रीय रस्त्याचा लाल. क्ल्युनीच्या दक्षिणेकडून पश्चिमेला जाणारा एन 79 हा ट्रकचा रस्ता आहे, तिकडे चुकूनही फिरकू नका. मोबाइल कधी कधी जवळचा रस्ता म्हणून थेट त्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो.

गावांची नावं आपण ऐकतो तशी पाटीवर दिसत नाहीत, कारण शेवटची अक्षरं बहुधा उच्चारत नाहीत. तुर्न्यूच्या पाटीवर शेवटी एक मुकं अक्षर जास्त असतं, आणि बुसी गावाच्या नावात मधोमध एक्स दिसतो. म्हणून दिवसभराच्या गावांची नावं रोमन लिपीत कागदाच्या पट्टीवर लिहून हँडलला चिकटवा. वळणावर मोबाइल काढायचा त्रास वाचतो.

रस्त्यावरचे नियम

उजवीकडून चालायचं, हे पहिल्या तासात अंगवळणी पडतं. धोका असतो तो दुपारी जेवून पुन्हा निघताना. रिकाम्या रस्त्यावर माणूस नकळत डावी बाजू धरतो. आम्ही रोज जेवल्यावर एकमेकींना मोठ्याने ‘उजवी’ म्हणायचो.

चौकांचा नियम त्याहून महत्त्वाचा. पाटी नसलेल्या चौकात उजव्या हाताने येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. गावातल्या एखाद्या बोळातून ट्रॅक्टर न थांबता बाहेर येतो, कारण कायद्याने हक्क त्याचा आहे. पिवळ्या चौकटीची पाटी दिसली तर तुम्ही प्राधान्याच्या रस्त्यावर आहात. तीच पाटी तिरक्या काळ्या रेघेने खोडलेली दिसली की तो हक्क संपला. गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं आणि आत असलेल्याला आधी वाट द्यायची.

मोटारवाले गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवून पुढे जातात. तो कायदा आहे आणि बहुतेक जण पाळतात. कानात इअरफोन घालून चालवलं तर 135 युरो दंड. घंटी, पुढे-मागे दिवे हवेतच. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चकाकणारं जॅकेट सक्तीचं आहे. मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही, तरी घालाच. अडचणीत 112 हा क्रमांक.

घड्याळ, भूक आणि पाणी

इथे सर्वांत जास्त फसायला होतं. छोट्या गावातली दुकानं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि दोन-अडीचनंतर उघडतात. हॉटेलात जेवण मिळतं ते याच दोन तासांत. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरंच काही उघडतच नाही. एका सोमवारी तीन गावं ओलांडली, तिन्ही ठिकाणी खिडक्यांचे लाकडी दरवाजे ओढलेले. चर्चच्या पायरीवर बसून शेवटची शेंगदाण्याची चिक्की दोघींनी वाटून खाल्ली. तेव्हापासून दुपारचं खाणं सकाळी साडेआठलाच पिशवीत, हा नियम.

बारा वाजता चर्चची घंटा लांबलचक वाजते. तिला गजर समजा: बेकरी उघडी असेलच तर आता पोहोचा.

शाकाहारी माणसाचं बेकरीवर चांगलं भागतं. ताजा लांब पाव, माकाँ भागातलं शेळीच्या दुधाचं छोटं चीज, टोमॅटो, फळं. दुकानात शिरताना ‘बाँझूर’ म्हणा, मग मागा. न म्हणता थेट मागणं तिथे उद्धटपणा समजतात, आणि म्हटलं की माणूस तुमच्या मोडक्यातोडक्या फ्रेंचलाही मदत करतो. घरून चिक्की, खाकरा, भाजलेले शेंगदाणे न्या. पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे.

पाण्यासाठी दफनभूमीचा नळ शोधा. जवळपास प्रत्येक गावाच्या कडेला भिंतीने वेढलेली दफनभूमी असते आणि फुलझाडांना घालायला तिथे नळ असतो. ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पिऊ नका, फक्त डोक्यावर घ्या.

चर्चमध्ये

बहुतेक गावची चर्च दिवसा उघडी असतात आणि आत कुणीही नसतं. 1905 च्या कायद्यामुळे त्याआधीची गावची चर्च गावाच्या प्रशासनाच्या मालकीची आहेत. दार बंद असेल तर दारावरची चिठ्ठी वाचा. किल्ली कुणाकडे मिळेल ते कधी कधी लिहिलेलं असतं, नाहीतर गावच्या कचेरीत म्हणजे ‘मेरी’त विचारा.

सायकलचे क्लीटवाले, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट झिजलेल्या दगडी फरशीवर घसरतात आणि फरशीही खराब करतात. पातळ चप्पल सोबत ठेवा. टोपी-हेल्मेट काढा. घामाने भिजलेल्या अंगाने आत शिरलं की पाठीत गारवा भरतो, म्हणून वाऱ्याचं जॅकेट बाहेरच चढवा. मग मागच्या बाकावर पाच मिनिटं नुसतं बसा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना सुरुवातीला काळोखाशिवाय काही दिसत नाही. हळूहळू खांब दिसतात, मग कमानी, आणि सगळ्यात शेवटी खांबांच्या माथ्यावरची कोरीव माणसं आणि पानं. पाच मिनिटं बसलं नाही तर ती दिसतच नाहीत.

पाच दिवसांचा मार्ग

पहिला दिवस, शालों ते क्ल्युनी. गावातून निघून जीव्रीला पोहोचा. तिथून जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट लागते, तिला ‘व्ह्वा व्हेर्त’ म्हणजे हिरवी वाट म्हणतात. जीव्री ते क्ल्युनी हा सुमारे 44 किलोमीटरचा टप्पा 1997 मध्ये खुला झाला आणि फ्रान्समधल्या अशा वाटांमध्ये तो अगदी पहिल्या काहींतला. डांबरी, मोटारी नाहीत, चढ नाममात्र. विमानप्रवासाने आखडलेल्या पायांना आणि जोडून पाहिलेल्या सायकलला हा दिवस अगदी योग्य. बुसी, सां-जांगू ही जुन्या दगडी घरांची गावं वाटेवरच आहेत. पुढे कोर्माताँचा 17व्या शतकातला वाडा लागतो आणि मग टेकडीवरचं तेझे. तिथे 1940 मध्ये ब्रदर रोजर यांनी सुरू केलेल्या मठात जगभरची तरुण मुलं येतात. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळेला पोहोचलात तर मागे जमिनीवर बसा. एकच ओळ अनेक भाषांत पुन्हा पुन्हा गातात. ताईला आळंदीतल्या नामजपाची आठवण झाली आणि ती बराच वेळ उठली नाही.

दुसरा दिवस, तुर्न्यूची फेरी, साधारण 75 ते 80 किलोमीटर. पाच दिवसांतला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात दमवणारा. हिरव्या वाटेने उलट कोर्माताँपर्यंत या आणि डी 14 धरा. शापेझचं सां-मार्ताँ चर्च लांबूनच दिसतं, कारण चिमुकल्या गावावर पस्तीसेक मीटरचा मनोरा उभा आहे. आत जाडजूड गोल खांब, थोडे बाहेर कललेले. पुढे ब्रांसियाँचा चढ. खिंड 354 मीटरवर आहे, पण गाव आणखी वर. सायकल गावाच्या वेशीवर ठेवून दगडी गल्लीतून चालत जा. किल्ल्यापासून सरळ गेलं की टेकडीच्या टोकाला साधंसुधं सां-पिएर चर्च, भिंतींवर फिकट झालेली 14व्या शतकातली चित्रं आणि बाहेर कठड्यापलीकडे अख्खं ग्रोन नदीचं खोरं. जेवण इथे करा.

मग तुर्न्यूपर्यंत मुख्यतः उतार. नॉर्मंड चाच्यांपासून संत फिलिबेरच्या अस्थी वाचवत भटकणारे साधू 875 मध्ये या गावी थांबले. आजचं चर्च मुख्यतः 11व्या शतकातलं. फिकट गुलाबी दगडाचे उंच गोल खांब आणि त्यांच्यावर आडव्या टाकलेल्या कमानींचं छत. छत असं आडवं बांधल्यामुळे भिंतींवरचा भार कमी झाला आणि वर खिडक्या काढता आल्या, म्हणून आत एवढा उजेड आहे. याला किमान दीड तास द्या. परतताना शार्दोने गावावरून, ल्युनी, ब्लानो करत जंगलाच्या धारेवरून क्ल्युनीला उतरा. पाय संपले असतील तर संकोच न करता आल्या वाटेने परत फिरा.

तिसऱ्या दिवशी सकाळ क्ल्युनीत चालत घालवा. 1088 मध्ये मठाधिपती ह्यू यांनी सुरू केलेलं तिसरं चर्च 187 मीटर लांब होतं. रोमचं सेंट पीटर्स नव्याने उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि पंचवीसेक वर्षं दगडाच्या खाणीसारखं फोडलं गेलं. उरला तो मुख्यतः दक्षिणेकडचा आडवा भाग आणि त्यावरचा अष्टकोनी मनोरा. पश्चिमेच्या दाराच्या उरलेल्या खांबांपासून त्या मनोऱ्यापर्यंत पावलं मोजत चाला. मधे आता रस्ता आणि इमारती आहेत. मी अडीचशेच्या आसपास मोजली आणि तरीही पूर्वेचं टोक पुढेच होतं. काय गेलं, ते पायांना कळतं.

दुपारी दक्षिणेला निघा. ब्वा-क्लेर डोंगराखालून जुन्या रेल्वेचा 1.6 किलोमीटरचा बोगदा सायकलींसाठी खुला आहे. आत दिवे आहेत, पण थंडी बोचते, जॅकेट घाला आणि स्वतःचा दिवाही लावा. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात, तेव्हा खिंडीवरून जावं लागतं. पलीकडे बेर्झे-ला-व्हीलच्या छोट्या मठचॅपेलमध्ये निळ्या पार्श्वभूमीवर सिंहासनस्थ ख्रिस्ताचं 12व्या शतकातलं भित्तिचित्र आहे, शतकानुशतकं चुन्याखाली झाकलेलं. क्ल्युनीच्या गेलेल्या भिंती आतून कशा दिसत असतील याचा अंदाज इथेच येतो. हे चॅपेल ठराविक महिन्यांत आणि वेळांतच उघडं असतं, आधी खात्री करून घ्या. ताकद उरली तर व्हेर्जिसों आणि 493 मीटर उंच सोल्युत्रेच्या कड्याखालून फेरी मारा. द्राक्षमळ्यांतले हे चढ आखूड पण तिखट आहेत.

चौथा दिवस, शारोलवरून पारे-ल-मोनियाल. एन 79 च्या दोन्ही बाजूंच्या लहान डी रस्त्यांनी जा. द्राक्षं संपतात आणि कुंपणाच्या झाडांनी आखलेली कुरणं लागतात, त्यांत पांढऱ्या शारोले गाई. रस्ता लाटांसारखा सतत वरखाली होतो. उताराचा वेग पुढच्या चढाच्या मध्यापर्यंत नेतो, पण गिअर वेग संपण्याआधी हलका करा. जोर लावत असताना बदलला की चेन पडते. पारेचं चर्च क्ल्युनीच्या तिसऱ्या चर्चची छोटी आवृत्ती मानतात. काल जे पावलांनी मोजलं, ते आज छतासकट उभं दिसतं. म्हणून हा क्रम उलटा करू नका.

पाचवा दिवस पारेच्या दक्षिणेचा ब्रियोने मुलूख. पारेहून मार्सिन्यीकडे जाणारी जुन्या रेल्वेची सपाट वाट घ्या आणि वाटेत वळून आंझी-ल-द्युक पाहा: पिवळसर दगड, अष्टकोनी मनोरा. तिथून सेम्युर-आं-ब्रियोने. क्ल्युनीचे ते ह्यू याच गावच्या सरदारघराण्यातले. गाव टेकडीवर आहे आणि शेवटचा चढ सरळ वेशीत नेतो. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास पोहोचायचं बघा. तेव्हा मावळतीकडचं ऊन दगडावर पडतं आणि तो मधासारखा दिसतो. पश्चिमेच्या दाराची कोरीव कमान तेव्हाच नीट वाचता येते. परतीला पारेहून टीईआर गाडी घ्या. दोन दिवस हातात असतील तर कालव्याच्या काठाने, युरोव्हेलो 6 या युरोपभर जाणाऱ्या सायकलमार्गाच्या पाट्या पाहत सायकलवरच शालोंला या. तिथे जाऊन खोकं शोधण्यापेक्षा पहिल्याच दिवशी राहत्या जागी विचारून स्वतःचं खोकं ठेवून द्या. आमचं जिन्याखाली तसंच उभं होतं, आत चिकटपट्टीचं अर्धं रीळ आणि पेडलचा पाना.